पूर्णानं भरलेल्या जागा

निगार मुजावरचा एमआरआय झाला त्या दिवशी यादीत बहात्तर नावं होती आणि तिचं एक्केचाळिसावं होतं.

शैलजा आवटीनं तिला टेबलावर झोपवलं, ओढणीतली टाचणी काढून घेतली, कानातले डूल काढून डबीत ठेवायला लावले. मिरजेच्या 'आरोग्यदीप' तपासणी केंद्रात शैलजा तंत्रज्ञ होती. हे काम करत तिला चोवीस वर्षं झाली होती आणि या काळात तिनं तीन यंत्रं जुनी होताना पाहिली होती.

"काय होतंय नेमकं?" डोक्याभोवतीचा सापळा बसवता बसवता तिनं विचारलं. विचारायची आता गरज नसे. तक्रार आधीच संगणकात भरलेली असे. पण सवय जात नव्हती.

"डाव्या बाजूचं नीट दिसत नाही, मॅडम. मी भूगोल शिकवते. नकाशा टांगला की अरबी समुद्रच धूसर." निगार हसली. चौतिशीची, बोलक्या चेहऱ्याची बाई. "चष्मा दोनदा बदलला. तरी वर्गात शिरताना डावा खांदा चौकटीवर आपटतोच. पोरं आता मोजतात, आज बाई किती वेळा आपटल्या ते."

"डोकं हलवू नका. चार मिनिटांत बाहेर."

"एवढ्यात होतं? माझ्या सासूबाईंना अर्धा तास ठेवलं होतं."

"ते जुनं यंत्र."

शैलजा काचेपलीकडच्या खोलीत आली आणि बटण दाबलं.

जुनं म्हणजे तसं फार जुनं नव्हतं. एमआरआयचं यंत्र कॅमेऱ्यासारखा फोटो काढत नाही, हे शैलजा नव्या मुलींना नेहमी समजावत असे. माणसाच्या शरीरात पाणी असतं, पाण्यात हायड्रोजन. प्रचंड मोठ्या चुंबकात माणूस झोपवला, त्याच्यावर रेडिओलहरी सोडल्या, की ते हायड्रोजनचे कण क्षीण आवाजात उत्तर देतात. यंत्र ती उत्तरं ओळीओळीनं गोळा करतं आणि गणित करून त्यांचं चित्र बनवतं. सगळ्या ओळी गोळा करायला पंचवीस-तीस मिनिटं लागतात. सव्वा वर्षापूर्वी केंद्रात 'पूर्णा' आली. पूर्णा ही संगणकप्रणाली आठातली एकच ओळ ऐकत असे. उरलेल्या सात ओळी काय असतील हे ती स्वतः ठरवी, कारण तिनं आधी कोट्यवधी माणसांच्या आतलं पाहिलेलं होतं. चित्र मात्र असं स्वच्छ निघे, की जुनी चित्रं त्यापुढे मळकट वाटावीत. दिवसाला सोळा तपासण्या व्हायच्या तिथे बहात्तर व्हायला लागल्या. कर्नाटकातून, कोकणातून आलेली माणसं महिनाभर तारखेसाठी ताटकळत असत, ती त्याच दिवशी रिपोर्ट घेऊन घरी जाऊ लागली. हे चांगलंच होतं. शैलजालाही चांगलंच वाटलं होतं.

पूर्णा काम सुरू करण्याआधी पडद्यावर एक कच्चं चित्र उमटत असे. अपुऱ्या संकेतांचं, धुक्यातलं, पट्टेपट्टे आलेलं. दीड सेकंद राही आणि मग त्याच्या जागी ते स्वच्छ चित्र येई.

निगारच्या डोक्याचं कच्चं चित्र उमटलं आणि शैलजाचा हात थांबला. मेंदूच्या मागच्या बाजूला, उजवीकडे, एक फिकट डाग होता. दूध सांडून पुसून घेतल्यावर फरशीवर राहतो तसा, कडा नसलेला. तिनं खुर्ची पुढे ओढली. तोवर पूर्णाचं चित्र आलं होतं. तिथे काहीच नव्हतं. मेंदूच्या वळ्या अगदी पुस्तकातल्यासारख्या. कोपऱ्यात सगळं ठीक असल्याची हिरवी खूण आली होती.

तिनं आतल्या लाइनवर डॉक्टर कित्तूरकरांना फोन लावला.

डॉक्टर उपेंद्र कित्तूरकर रिपोर्टवर सही करणारे. पूर्वी ते शेजारच्या खोलीत बसत. एकोणीस वर्षं दोघांनी एकाच किटलीतला चहा प्यायला होता. चित्र कसं वाचायचं हे तिला त्यांनीच शिकवलं, आणि कितीतरी वेळा आपण न पाहिलेलं शैलजाताईंनी पाहिलं, असं ते चारचौघांत सांगतही. आता ते घरूनच काम करत. केंद्राची आतली लाइन तिथवर ओढून घेतलेली होती. पाच केंद्रांचे मिळून दिवसाला चारशे रिपोर्ट त्यांच्याकडे येत.

"सर, एक्केचाळीस नंबर. कच्च्यात उजवीकडे मागं डाग दिसला. शेवटच्यात नाही. आणि बाईंची तक्रार डाव्या नजरेची आहे. त्या जागेशी जुळते."

पलीकडे की-बोर्डचा आवाज चालूच होता. "कच्च्यात काहीही दिसतं हो, ताई. अपुरे संकेत, त्यात पट्टे येणारच. शेवटचं स्वच्छ आहे ना?"

"स्वच्छ आहे. पण पूर्ण तपासणी लावू का? जुन्या पद्धतीनं?"

"सांबरे मॅनेजरांची परवानगी लागेल. या महिन्याच्या पाचही संपल्यात. बाहेर किती जण आहेत?"

शैलजानं काचेतून पाहिलं. बाकं भरलेली होती. एक म्हातारा जमिनीवर बसला होता.

"तीस तरी असतील."

"मग? यंत्रानं आपल्यापेक्षा जास्त पाहिलेलं आहे. पाठवा पुढे."

पडद्यावर 'स्वीकार' असं लिहिलेलं होतं. तिनं ते दाबलं.

बाहेर येऊन निगारनं कानात डूल घातले. "काही नाही ना, मॅडम?"

"रिपोर्ट संध्याकाळी मिळेल," शैलजा म्हणाली आणि बेचाळिसावं नाव पुकारलं.

*

साडेतीन महिन्यांनी निगारचा नवरा तौफिक मुजावर केंद्रात आला. सतारी बनवणारा माणूस. बोटांच्या पेरांत पॉलिशचा रंग मुरलेला. त्याच्या हातात दोन पाकिटं होती. एक आरोग्यदीपचं, दुसरं सरकारी रुग्णालयाचं. निगार वर्गात फेफरं येऊन पडली होती. सरकारी रुग्णालयातल्या जुन्या यंत्रावर, अर्ध्या तासाच्या तपासणीत, लिंबाएवढी गाठ दिसली होती. ऑपरेशन झालं, पण गाठ सगळी काढता आली नाही. तिला कडाच नव्हत्या.

केंद्राचे व्यवस्थापक पराग सांबरे त्याला शांतपणे सांगत होते, "आमचं चित्र बघा. त्या तारखेला तिथे काहीच नाही. गाठ नंतर वाढली. वाईट झालं, पण त्याला कोण काय करणार?"

"सर्जन म्हणाले, एवढी गाठ साडेतीन महिन्यांत होत नाही. वर्ष तरी झालं असेल."

"मग चित्रात दिसली असती की."

तौफिक बाहेर येऊन बाकावर बसला. शैलजा दारातून ते सगळं ऐकत होती. एक्केचाळीस नंबर तिला लगेच आठवला. अरबी समुद्र आठवला. तिनं आत जाऊन फाइल उघडली. कच्चे संकेत तीस दिवसांनी आपोआप पुसले जात. उरलं होतं ते पूर्णाचं स्वच्छ चित्र, आणि तेच आता पुरावा झालं होतं, की निगार त्या दिवशी ठणठणीत होती.

ती बाहेर जाऊन तौफिकशेजारी बसली.

"तुमच्या बायकोचा एमआरआय मी काढला होता," ती म्हणाली. आणि पूर्णा काय करते ते तिनं त्याला सांगितलं. एक ओळ ऐकते, सात स्वतः भरते.

तौफिकनं मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे मैफलीतला आठातला एक स्वर ऐकायचा आणि बाकीचा राग आपल्या मनानं पुरा करायचा."

"हो."

"नेहमीचा राग असेल तर बरोबर येईल. वेगळं कुणी काही गात असेल तर?"

"तर ते वेगळं पुसलं जाईल. जे फार कमी माणसांत असतं ते पूर्णाला खरखर वाटतं. ती ते साफ करते."

"आणि तुम्हाला ते दिसलं होतं?"

"दीड सेकंद."

तिला वाटलं, हा आता ओरडेल. तो ओरडला नाही. "मॅडम, हे तुम्ही लिहून द्याल?" एवढंच त्यानं विचारलं.

*

शैलजानं पूर्णाबद्दल आणि डागाबद्दल लिहून दिलं आणि तौफिकच्या तक्रारीवरून चौकशी समिती बसली. समितीसमोर तिची साक्ष बुधवारी होती. रविवारी दुपारी डॉक्टर कित्तूरकर तिच्या ब्राह्मणपुरीतल्या घरी आले. एकोणीस वर्षांत ते दोनदाच आले होते, तेही तिच्या नवऱ्याच्या आजारपणात. तिनं चहा ठेवला. त्यांनी तो घेतला नाही.

"तुम्ही साक्ष द्या. पूर्णाबद्दल सगळं सांगा," ते म्हणाले. "खरंच सांगा. फक्त फोनचं सांगू नका."

शैलजानं त्यांच्यापुढचा कप उचलून बाजूला ठेवला.

"आतली लाइन होती. कुठे नोंद नाही. तुम्ही मला विचारलंच नव्हतं असं झालं, तर दोष यंत्रावर राहील. विचारलं होतं म्हणालात, की सगळे माझ्याकडे बोट दाखवून मोकळे. पूर्णाच्या कंपनीला तेच हवंय. यंत्र नाही चुकलं, डॉक्टर चुकला." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "चारशे रिपोर्ट, ताई. मी चित्रं बघत नाही आता. हिरवी खूण बघतो आणि सही करतो. कोणी विचारलं तर हे मी नाकारीन. तुम्हाला म्हणून सांगतोय."

"आणि त्यांनी विचारलं, डाग दिसल्यावर तुम्ही काय केलंत, तर मी काय सांगू?"

"दुर्लक्ष केलं म्हणा."

"म्हणजे माझ्यावर घेऊ?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. वाईट माणूस नव्हता हा. तिच्या नवऱ्याच्या छातीचा सीटी यांनी तीन तास पाहिला होता, एकेक काप, आणि मग स्वतः घरी येऊन, याच खुर्चीवर बसून, किती महिने उरलेत ते तिला सांगितलं होतं. रडलेही होते.

"मला खोटं बोलता येणार नाही असं नाही, सर," ती अखेर म्हणाली. "येईल. पण त्या बाईनं मला विचारलं होतं, काही नाही ना म्हणून. त्या दिवशी मी उत्तर टाळलं. आता दुसऱ्यांदा टाळायचं म्हणजे..."

डॉक्टर उठले. दारात चपला घालताना त्यांनी तिला 'ताई' म्हटलं नाही. "ठीक आहे, आवटीबाई," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

*

समितीत तिघं जण होते. मधल्या बाईंचा आवाज मऊ होता.

"डाग दिसल्यावर पूर्ण तपासणी का केली नाहीत?"

"त्यासाठी लेखी कारण द्यावं लागतं. महिन्याला पाचच परवानग्या मिळतात. त्या संपल्या होत्या."

"तरीही करता आली असती?"

"आली असती. यंत्र बंद पडलं नसतं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"स्वीकार दाबलं."

"कुणाला विचारलं होतं?"

कित्तूरकर समोरच्या रांगेत बसले होते. ते स्वतःच्या हातांकडे पाहत होते.

"डॉक्टरांना विचारलं होतं," शैलजा म्हणाली.

मधल्या बाईंनी ते लिहून घेतलं. शेजारी कंपनीचे वकील बसले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं. पूर्णाविषयी शैलजानं त्यानंतर वीस मिनिटं सांगितलं, कागदावर ओळी काढून दाखवल्या, कोणकोणत्या रोगांत डाग असा फिकट असतो ते सांगितलं. वकील अधूनमधून घड्याळ पाहत होते.

निकाल सात आठवड्यांनी आला. डॉक्टर कित्तूरकरांचा परवाना दोन वर्षांसाठी स्थगित झाला. शैलजानं शंका लेखी नोंदवली नाही, हा गंभीर हलगर्जीपणा मानला गेला. केंद्रानं तिच्याशी असलेला करार पुढे चालू ठेवला नाही. पूर्णाची कामगिरी मान्य मर्यादेत असल्याचं नमूद झालं. समितीनं एक सूचना केली होती आणि कंपनीनं ती तत्परतेनं अमलात आणली. नव्या आवृत्तीत चालकाचं लक्ष विचलित करणारी प्राथमिक प्रतिमा दाखवली जाणार नव्हती. आता यंत्राच्या आत जे काही होईल ते कुणालाच दिसणार नव्हतं, दीड सेकंदसुद्धा.

*

शैलजा निगारला भेटायला गेली तेव्हा ती खिडकीपाशी उशांना टेकून बसली होती. डोक्यावर रुमाल होता. डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला. खालच्या दुकानातून तौफिक तार छेडत असल्याचा आवाज वर येत होता. एकच तार, पुन्हा पुन्हा.

शैलजा माफी मागायचं ठरवून आली होती. वाक्यंही ठरवली होती. त्यातलं एक म्हणून झालं आणि निगारनं उजवा हात वर केला.

"ते राहू द्या, मॅडम. मला एक सांगा. तो डाग तुम्ही ओळखलात कसा? म्हणजे तसे डाग तुम्हाला दिसायचे?"

"कधीकधी दिसायचे."

"माझ्याआधी?"

"आधी. आणि नंतरही."

"किती जणांचे?"

"माहीत नाही. पावणेदोन वर्षांत पस्तीस हजारांच्या वर तपासण्या झाल्या. बरेचसे डाग खरंच पट्टे असतात, अपुऱ्या संकेतांचे. पण काही..." ती थांबली. "सात-आठ जण आठवतात. चेहरे आठवतात."

"त्यांना माहीत आहे?"

"नाही."

निगारनं उजव्या हातानं डावा हात उचलून उशीवर ठेवला.

"त्यांना सांगून काय होणार, असं वाटतं का तुम्हाला?" तिनं विचारलं. "मला चार महिने आधी कळलं असतं ना, तर सर्जन म्हणतात, दोन-तीन वर्षं मिळाली असती. पोरीचा दहावीचा निकाल पाहिला असता. तेवढंच. पण ते माझं होतं."

निगार अकरा आठवड्यांनी गेली.

तोवर त्या सात-आठ जणांपैकी शैलजाची चार घरं झाली होती. केंद्राच्या फाइली तिला बंद होत्या. बोलता बोलता लोकांनी गावांची, धंद्यांची नावं सांगितलेली असत, त्यावरून ती शोधत जाई. जयसिंगपूरच्या एका घरी तिला पायरीवरूनच परत पाठवलं. केंद्रानं काढून टाकलेली बाई आता लोकांना भिववत फिरते, हे तिथे आधीच पोचलं होतं. कुपवाडच्या तरुण मुलीनं दुसरीकडे तपासून घेतलं आणि खरंच काही नव्हतं. तिचे वडील फोनवर तासभर बोलले, शिव्यांनी सुरुवात करून. तिसरं घर बंद होतं. चौथ्या घरी माणूस नव्हता, त्याच्या फोटोला हार होता. त्याच्या भावानं तिला पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही त्याच्या ओळखीतल्या का?" तिथे ती काही बोलली नाही. पाणी पिऊन उठली.

त्या रात्री तिनं ठरवलं होतं की आता पुरे. सकाळी उठून तिनं साडी नेसली आणि मालगावची एसटी पकडली.

आण्णाप्पा कुंभोजे निवृत्त पोस्टमन होते. तपासणीला आले तेव्हा त्यांनीच तिला ओळखलं होतं. आवटी, ब्राह्मणपुरी, मागचा जिना, असा पत्ताच म्हणून दाखवला होता. आता ते अंगणात बसून शेंगा फोडत होते. तिला पाहून उठले आणि आत हाक मारली, "अगं, चहा टाक. मिरजेच्या बाई आल्यात, यंत्रावरच्या."

त्यांची बायको पद्मावती बाहेर डोकावली. "त्यांचं काही नाही निघालं हो, बाई," ती म्हणाली. "उगाच घाबरवलं होतं आम्हाला. महावीराच्या देवळात नारळ दिला. आता नुसतं कामाचं नाव काढलं की कपाळ धरून बसतात. रिपोर्ट दाखवते मग मी त्यांना, काढून."

ती हसत आत गेली.

शैलजा खाटेच्या कडेवर बसली. यावेळी तिनं ठरवलेलं काहीच म्हटलं नाही.

"कुंभोजेकाका, तो रिपोर्ट कदाचित बरोबर नाही."

ते शेंग फोडायचे थांबले.

तिनं सांगितलं. कच्च्या चित्रात काय दिसलं होतं, कुठे, आणि मग काय झालं. त्यातलं किती खात्रीचं आहे आणि किती नाही, तेही सांगितलं. "मी चुकत असेन," ती म्हणाली. "एका ठिकाणी चुकले आहे. पण सरकारी रुग्णालयात जुनं यंत्र आहे. अर्धा तास लागतो. सगळ्या ओळी ऐकतं ते. मी येताना तारीख घेऊन ठेवली आहे, परवाची. मी बरोबर येईन."

आण्णाप्पांनी आत पाहिलं. आतून कपबशांचा आवाज येत होता. ते जरा पुढे सरकले, आणि अगदी हळू आवाजात, जणू काही चोरीची कबुली देत असल्यासारखे बोलले.

"दुखतं, बाई. डोकं अजून दुखतं. रोज पहाटे. उलटी होते, मी परसात जाऊन करतो."

"घरात सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? रिपोर्ट चांगला आहे." त्यांनी तळहातावरचे शेंगदाणे टोपलीत टाकले. "चांगला रिपोर्ट आल्यावर दुखतं म्हणायला लाज वाटते. मला वाटायला लागलं होतं की मीच काहीतरी ढोंग करतोय. माझं मलाच."

त्यांचे डोळे भरून आले होते. भीती त्यात होतीच. पण शैलजानं चोवीस वर्षं यंत्रात जाणारे आणि बाहेर येणारे चेहरे पाहिले होते, आणि या चेहऱ्यावर भीतीच्या आधी जे आलं ते तिला ओळखता आलं. ती सुटका होती.

"म्हणजे दुखत होतं खरंच," ते म्हणाले.

"हो, काका."

पद्मावती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा ते उभे राहिले होते आणि दोरीवरचा सदरा काढत होते. "परवा कशाला," ते बायकोकडे न बघता म्हणाले, "आजच गेलं तर घेतील का?"